केलॉइड आणि वृद्धिघटक : सम्यक् रूढ न झालेल्या व्रणाचा विचार

व्रण भरून आला, खपली पडली, वेदना शमली की चिकित्सकाचे काम संपले, अशी रुग्णाची आणि पुष्कळदा आपलीही समजूत असते. केलॉइड या विकारात ही समजूत टिकत नाही. येथे व्रण भरतो, त्वचा जुळते, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी त्याच जागी कठीण, तकतकीत, खाजणारी वाढ सुरू होते. ही वाढ मूळ व्रणाची सीमा ओलांडून निरोगी त्वचेत शिरते आणि आपण होऊन सहसा मागे हटत नाही. ती का थांबत नाही, याविषयी गेल्या चार दशकांत जे ज्ञान उपलब्ध झाले आहे, त्यात वृद्धिघटक म्हणजे ग्रोथ फॅक्टर या प्रथिनांचे स्थान मध्यवर्ती आहे. आपल्या चिकित्सेच्या दृष्टीने या विषयाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विषय निवडण्याचे कारण आमची स्वतःची एक चूक आहे, म्हणून ती प्रथम सांगतो.

सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात एकोणीस वर्षांची एक मुलगी आली. कानाच्या पाळीच्या वर दुसरे छिद्र पाडून घेतल्यानंतर त्या जागी चिंचोक्याएवढी गाठ आली होती. गाठ कठीण, उचललेली, सतत खाजणारी आणि आठ महिन्यांची जुनी होती. सुश्रुताचार्यांनी द्विव्रणीय चिकित्सिताध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत मांस वर आलेले, कठीण, कंडूयुक्त आणि चिरकाल टिकलेल्या व्रणांसाठी क्षारकर्म सांगितले आहे. चारही लक्षणे समोर होती. आम्ही अपामार्गाच्या प्रतिसारणीय क्षाराचा लेप दोन वेळा केला, लिंबाच्या रसाने तो शमवला आणि पुढे जात्यादि तेलाने रोपण केले. तीन आठवड्यांत गाठ सपाट झाली. आम्ही छायाचित्रे काढली, मुलीच्या आईने पेढे आणले, आणि एका स्थानिक वैद्यसभेत आम्ही ती छायाचित्रे अभिमानाने दाखवलीही.

पाच महिन्यांनी ती मुलगी परत आली तेव्हा कान झाकण्यासाठी तिने केस मोकळे सोडले होते. गाठ आता सुपारीहून मोठी होती आणि कानाच्या मागच्या बाजूलाही उतरली होती.

ग्रंथातील शब्द बरोबर होते, ते लावण्यात चूक आमची होती. त्या उपक्रमात क्षाराचे प्रयोजन शोधन हे आहे, आणि ज्याचे शोधन करावयाचे तो व्रण उघडा, दुष्ट, भरून न येणारा असा अभिप्रेत आहे. आमच्या समोरच्या गाठीत शोधन करण्याजोगे काही नव्हतेच. तेथे त्वचा अखंड होती आणि त्वचेच्या आत रोपणाची क्रिया गरजेपेक्षा अधिक चालली होती. आम्ही तिला एक नवा व्रण दिला, आणि रोपण करणाऱ्या यंत्रणेने त्या व्रणाचेही रोपण तेवढ्याच जोमाने केले. ही यंत्रणा समजून घेतली असती तर तो क्षार आम्ही हातात घेतला नसता.

वृद्धिघटक म्हणजे काय?

एका पेशीने दुसऱ्या पेशीला, किंवा स्वतःलाच, पाठवलेला प्रथिनरूप निरोप म्हणजे वृद्धिघटक. विभाजन कर, या दिशेने सरक, अमुक प्रथिन तयार कर, मरू नकोस, अशा स्वरूपाचे हे निरोप असतात. पेशीच्या पृष्ठभागावर त्यांचे ठरावीक ग्राहक असतात. निरोप ग्राहकाला चिकटला की पेशीच्या आत एक साखळी सुरू होते आणि ती केंद्रकापर्यंत जाऊन विशिष्ट जनुके चालू वा बंद करते. मज्जातंतूंच्या आणि बाह्यत्वचेच्या वृद्धिघटकांच्या शोधासाठी रिटा लेव्ही-माँटाल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर या विषयाकडे शल्यविदांचे आणि त्वचारोगतज्ज्ञांचे लक्ष वेधले गेले.

व्रण झाल्याबरोबर रक्त गोठते तेव्हा प्लेटलेट फुटतात आणि त्यांच्या कणिकांत साठवलेले वृद्धिघटक व्रणात सांडतात. त्यांत दोन मुख्य आहेत. प्लेटलेटजन्य वृद्धिघटक, म्हणजे पीडीजीएफ, आणि ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर बीटा, ज्याला पुढे आपण टीजीएफ-बीटा म्हणू. या निरोपांवर प्रथम श्वेतपेशी आणि महाभक्षी पेशी येतात. त्या मृत भाग उचलतात आणि स्वतःही वृद्धिघटक स्रवतात. दोन-तीन दिवसांनंतर फायब्रोब्लास्ट, म्हणजे तंतुजनक पेशी, येऊ लागतात. त्या कोलॅजेन विणतात, रक्तवाहिन्या आत शिरतात, व्रण आकुंचन पावतो आणि वरून बाह्यत्वचा सरकत येते. पुढे कित्येक महिने कोलॅजेनची जुळवाजुळव चालते. जुने धागे तोडले जातात, नवे ताणाच्या दिशेने बसवले जातात, अनावश्यक पेशी स्वतःहून नष्ट होतात, वाहिन्या आटतात आणि लालसर व्रणवस्तू फिकट व मऊ होते.

ही सारी क्रिया चालू करणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती वेळेवर थांबवणेही महत्त्वाचे आहे. केलॉइडमध्ये बिघाड थांबण्यात आहे. तेथील कोलॅजेनची निर्मिती निरोगी त्वचेच्या सुमारे वीसपट आणि साध्या उंचावलेल्या व्रणवस्तूच्या सुमारे तिप्पट असल्याचे मोजण्यात आले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जाड, काचेसारख्या चकाकणाऱ्या कोलॅजेनच्या पट्ट्या दिसतात. त्या पाहिल्या की बोटाला लागणारा कठीणपणा कोठून येतो हे कळते.

टीजीएफ-बीटाचे कार्य

या सर्वांत टीजीएफ-बीटा हा सूत्रधार मानला जातो, म्हणून त्याच्याकडे जरा थांबून पाहू. सस्तन प्राण्यांत त्याचे तीन प्रकार आहेत. पहिला व दुसरा प्रकार तंतुनिर्मिती वाढवतात. तिसरा प्रकार, निदान प्राण्यांवरील प्रयोगांत, व्रणवस्तू कमी करतो असे दिसले. गर्भावस्थेच्या पहिल्या दोन तृतीयांश काळात गर्भाच्या त्वचेला झालेली जखम खूण न ठेवता भरते. त्या त्वचेत पहिला प्रकार कमी आणि तिसरा अधिक असतो, हे या विचाराला बळ देणारे निरीक्षण आहे.

टीजीएफ-बीटा पेशीतून बाहेर पडतो तो सुप्तावस्थेत. एका दुसऱ्या प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेला असा तो पेशींभोवतीच्या जाळ्यात साठून राहतो. तो जागा होण्याचे मार्ग अनेक आहेत. काही विकरे वेष्टन तोडतात, आणि जाळे ताणले गेले तरी वेष्टन उघडते. ताणाचा हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे तो चिकित्सेत येणार आहे. जागा झालेला टीजीएफ-बीटा तंतुजनक पेशीवरील ग्राहकांच्या जोडीला चिकटतो. ग्राहक पेशीतील स्मॅड-२ व स्मॅड-३ या प्रथिनांना कार्यप्रवृत्त करतात, ती स्मॅड-४ च्या साथीने केंद्रकात जातात, आणि कोलॅजेनची जनुके चालू होतात. त्याच वेळी कोलॅजेन तोडणारी विकरे कमी होतात आणि त्या विकरांना अडवणारी प्रथिने वाढतात. म्हणजे निर्मिती वाढते आणि झीज घटते. भरीस भर म्हणजे टीजीएफ-बीटा पेशीला आणखी टीजीएफ-बीटा तयार करावयास लावतो. काही तंतुजनक पेशी स्नायूसारख्या आकुंचन पावणाऱ्या पेशींत रूपांतरित होतात, त्या जाळे ओढून धरतात, आणि त्या ओढीने साठवणीतला टीजीएफ-बीटा पुन्हा जागा होतो. असे हे चक्र आहे.

निसर्गाने या साखळीला लगामही दिला आहे. स्मॅड-७ हे प्रथिन ग्राहकापाशीच निरोप अडवते. केलॉइडमधून काढलेल्या तंतुजनक पेशींत टीजीएफ-बीटाचा पहिला व दुसरा प्रकार अधिक आढळतो, त्याचे ग्राहक अधिक असतात आणि स्मॅड-७ उणा असतो. निरोप वाढला, ऐकणारे कान वाढले आणि लगाम सैल झाला, अशी ही तिहेरी स्थिती आहे.

इतर वृद्धिघटकांविषयी थोडक्यात सांगतो. टीजीएफ-बीटाच्या हाताखाली काम करणारा संयोजी ऊतींचा वृद्धिघटक, सीटीजीएफ, केलॉइडमध्ये वाढलेला असतो. पीडीजीएफला केलॉइडच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा अधिक प्रतिसाद देतात. इन्सुलिनसदृश वृद्धिघटक-१ चे ग्राहकही त्यांच्यावर अधिक असतात, आणि त्यामुळे काम संपल्यावर ज्या पेशींनी मरून जावयाचे त्या जिवंत राहतात. रक्तवाहिन्या वाढवणारा व्हीईजीएफ हाही वाढलेला असतो. वाढीची कड लाल व उष्ण दिसते, मधला भाग मात्र पुष्कळदा प्राणवायूच्या उणिवेत असतो, आणि ती उणीव पुन्हा व्हीईजीएफची मागणी वाढवते.

प्रत्येक वृद्धिघटक मात्र केलॉइडला पोषक असतो असे नाही. तंतुजनक पेशींचा मूल वृद्धिघटक, एफजीएफ-२, कोलॅजेनची निर्मिती उलट आवरतो. जपानमध्ये २००१ पासून तो न भरणाऱ्या व्रणांसाठी फवाऱ्याच्या रूपात उपलब्ध आहे. मधुमेही रुग्णांच्या पायावरील व्रणांसाठी पीडीजीएफचे मलम अमेरिकेत १९९७ मध्ये मान्य झाले. जो निरोप न भरणाऱ्या व्रणात अपुरा पडतो, तोच केलॉइडमध्ये अति होतो. व्रणरोपक द्रव्य म्हणजे सर्व व्रणांना हितकर द्रव्य, असा आपला जो सरसकट व्यवहार आहे, त्याला येथे अडखळायला हवे.

आणखी एक इशारा आवश्यक आहे. सूत्रधार सापडला म्हणजे औषध सापडले, असे झालेले नाही. टीजीएफ-बीटाचा तिसरा प्रकार व्रणात टोचून खूण कमी करण्याचा प्रयत्न मँचेस्टरच्या रेनोव्हो या कंपनीने केला होता. सुरुवातीचे निष्कर्ष आशादायक होते, परंतु २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ते औषध अयशस्वी ठरले. शरीरात निरोप एकेकटे नसतात. एक दडपला तरी दुसऱ्या वाटेने तेच काम होऊ शकते.

कोणास आणि कोठे

केलॉइड बहुधा दहा ते तीस या वयात उद्भवतो. वर्णाने सावळ्या लोकांत तो अधिक आढळतो, काही कुळांत पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, आणि यौवनारंभी व गर्भावस्थेत वाढतो. उरोस्थीवरील त्वचा, खांदा, पाठीचा वरचा भाग, जबड्याची कड आणि कान ही त्याची आवडती स्थाने आहेत. तळहात, तळपाय आणि पापण्या येथे तो क्वचितच होतो. दंडावर बीसीजी लसीच्या जागी झालेला केलॉइड आपण सर्वांनी पाहिला असेल. छातीवर तर तारुण्यपीटिकेचे एवढेसे निमित्त पुरते, आणि रुग्ण शपथेवर सांगतो की तेथे जखम झालीच नव्हती.

या स्थानांपैकी बहुतेक ठिकाणी त्वचा प्रत्येक हालचालीत ताणली जाते. तोक्योच्या निप्पॉन वैद्यकीय विद्यापीठातील शल्यविद रेई ओगावा यांनी हा ताणाचा विचार विस्ताराने मांडला आहे. केलॉइड ज्या दिशेने पसरतो ती प्रायः ताणाची दिशा असते. छातीवर तो आडवा, खेकड्याच्या नांग्यांसारखा पसरतो. १९व्या शतकाच्या आरंभी फ्रेंच वैद्य अलिबेर यांनी या विकाराला दिलेले नावही खेकड्याच्या नांगीवरूनच आले आहे. ताणाने सुप्त टीजीएफ-बीटा जागा होतो हे वर सांगितलेच आहे, ते येथे जुळते. कानाची पाळी मात्र या नियमात बसत नाही, तेथे ताण नगण्य असतो. कर्णभूषणाचा धातू, वारंवार होणारा शोथ आणि जंतुसंसर्ग यांना तेथे अधिक दोष दिला जातो.

ग्रंथातील आधार

केलॉइडला ग्रंथोक्त नाव कोणते, या प्रश्नावर आपल्या संमेलनांत पुष्कळ वेळ जातो. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात २९व्या अध्यायात नऊ ग्रंथी सांगितल्या असून त्यांत व्रणग्रंथी आहे. व्रण भरला नसताना किंवा नुकताच भरला असताना सर्व रसांचे यथेच्छ सेवन, व्रण ओला वा बंधनाविना ठेवणे, किंवा त्या जागी पुन्हा आघात, यांमुळे वायू न वाहिलेल्या दुष्ट रक्ताला शुष्क करून गाठ निर्माण करतो, आणि ती दाह व कंडू यांनी युक्त असते, असे तिचे वर्णन आहे. दाह, कंडू, नुकताच रूढ झालेला व्रण आणि पुनराघात ही चारही अंगे केलॉइडशी जुळतात. मूळ सीमा ओलांडण्याचे लक्षण मात्र तेथे नाही, आणि नीट बांधलेल्या, कोरड्या व्रणातही केलॉइड होतो. म्हणून व्रणग्रंथी म्हणजे केलॉइडच, असे आम्ही म्हणणार नाही. व्रणग्रंथीत केलॉइडचा समावेश होऊ शकतो, एवढे म्हणणे सुरक्षित आहे. त्याच अध्यायात साध्य ग्रंथी म्हणून दोषज, रक्तज आणि मेदोज यांची गणना आहे. व्रणग्रंथीचे नाव त्या गणनेत नाही, याकडे आपले लक्ष क्वचित जाते.

नावापेक्षा आम्हांला दोन वचने अधिक उपयोगी वाटतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील २३व्या अध्यायात सम्यक् रूढ व्रणाची लक्षणे आहेत. ग्रंथी नसणे, शोथ नसणे, वेदना नसणे, त्वचेशी समान वर्ण आणि समतल पृष्ठ ही ती लक्षणे होत. या कसोटीवर केलॉइड हा रूढ व्रण ठरतच नाही. तो अजून चालू असलेला व्रण आहे, आणि वृद्धिघटकांचे शास्त्र नेमके हेच सांगते. दुसरे वचन अष्टांगहृदयाच्या शस्त्रकर्मविधी अध्यायात आहे. व्रण रूढ झाल्यावरही अजीर्ण, व्यायाम, व्यवाय इत्यादी तसेच हर्ष, क्रोध, भय हे तेथे स्थैर्य येईपर्यंत वर्ज्य करावेत, आणि हा विधी सहा-सात महिने आदराने पाळावा, असे आचार्य सांगतात. कोलॅजेनच्या जुळवाजुळवीचा काळ महिन्यांनीच मोजला जातो, आणि बहुतेक केलॉइड व्रणानंतरच्या पहिल्या वर्षात दिसू लागतात. टाके काढले की रुग्णाला निरोप देण्याची आपली पद्धत या वचनाशी विसंगत आहे.

मात्र टीजीएफ-बीटा म्हणजे कफ किंवा पीडीजीएफ म्हणजे अमुक वायू, अशी समीकरणे मांडण्याचा मोह आम्ही आवरतो. प्रत्येक नव्या रेणूला एकेक दोष चिकटवण्याची हौस आपल्या लेखनात फार आहे. तिने आयुर्वेदाची शान वाढत नाही आणि रुग्णाची गाठही कमी होत नाही.

चिकित्सकाने काय टाळावे

प्रथम टाळण्याच्या गोष्टी. केलॉइडवर क्षारकर्म, अग्निकर्म, प्रच्छान, जलौका आणि लेखन हे उपक्रम करू नयेत, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. यांतील प्रत्येक उपक्रम नवा व्रण करतो, प्लेटलेट पुन्हा फुटतात आणि वृद्धिघटकांचा नवा लोट सुटतो. केवळ शस्त्राने छेदन केले तर ४५ ते १०० टक्के रुग्णांत केलॉइड पुन्हा येतो, असे आधुनिक शल्यविदांचे आकडे आहेत. तज्ज्ञ शल्यविदाच्या हातून नीट केलेल्या छेदनाची ही गत, तर आपल्या क्षाराची काय असेल! केलॉइडचा इतिहास असलेल्या रुग्णात अन्यत्रही, विशेषतः छाती व खांद्यावर, चामखीळ वा तीळ जाळण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. वातकंटकासाठी टाचेवर केलेले अग्निकर्म आणि खांद्याच्या वेदनेसाठी खांद्यावर केलेले अग्निकर्म यांत या दृष्टीने फार अंतर आहे. सौंदर्यचिकित्सेच्या नावाखाली सुयांचा रूळ फिरवणे आणि प्लेटलेटयुक्त रक्तद्रव टोचणे आता छोट्या शहरांतही पोहोचले आहे. ज्याच्या अंगावर केलॉइड आहे अशा व्यक्तीत तोही विचार सावधपणेच व्हावा.

म्हणून व्रण करणाऱ्या कोणत्याही कर्मापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. यापूर्वीची कोणती जखम अशी वाढली होती काय? आई-वडील, भावंडे यांपैकी कोणास असे आहे काय? विचारण्यास अर्धा मिनिट लागतो. त्या मुलीच्या मावशीच्या खांद्यावर लसीच्या जागी मोठा केलॉइड होता, हे आम्हांला क्षारकर्मानंतर पाच महिन्यांनी कळले. पाहिजे होते ते आधीच.

कर्णवेधाविषयीही येथे सांगितले पाहिजे. सुश्रुताचार्य कर्णवेधासाठी सहावा वा सातवा महिना सांगतात. वयाच्या अकराव्या वर्षानंतर कान टोचून घेतलेल्यांत केलॉइडचे प्रमाण अधिक असल्याचे आढळले आहे. ज्या कुटुंबात हा विकार आहे तेथे बालवयात, फक्त पाळीवर आणि एकदाच टोचावे. हौसेची दुसरी-तिसरी छिद्रे टाळण्याचा सल्ला द्यावा.

निदानाविषयी एक सूचना. व्रणाचा इतिहास नसलेली, वेगाने वाढणारी, व्रणयुक्त होणारी वा रक्त येणारी गाठ केलॉइड समजून ठेवू नये. कानाच्या पाळीवरील गाठी महाकुष्ठातही येतात, आणि त्वचेचे काही अर्बुद केलॉइडसारखे दिसतात. अशा वेळी ऊतिपरीक्षणासाठी पाठवावे.

करण्याजोगे काय

आज उपलब्ध उपायांत सर्वाधिक वापरला जातो तो ट्रायॅमसिनोलोन या स्टेरॉइडचे गाठीत इंजेक्शन, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. ते टीजीएफ-बीटाची निर्मिती आणि तंतुजनक पेशींची वाढ दोन्ही घटवते. त्वचा पातळ होणे, पांढरी पडणे हे त्याचे दोष आहेत. छेदनानंतर लगेच किरणोपचार, पाच-फ्लुरोयुरॅसिल, शीतदहन हे तज्ज्ञांचे उपाय आहेत. रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञ वा प्लास्टिक सर्जनकडे पाठवण्यात आपला कमीपणा नाही.

आपल्या हातात असलेले उपायही थोडे नाहीत. सिलिकोनची पट्टी दिवसातून बारा तासांहून अधिक आणि निदान दोन-तीन महिने वापरली पाहिजे. औषध दुकानदार बंधूंनी ती विकताना हा काळ सांगावा. पंधरा दिवस लावून लोक टाकून देतात आणि वस्तूला दोष देतात. कानासाठी दाब देणाऱ्या चापाचे कर्णभूषण मिळते. छातीवरील व खांद्यावरील ताज्या व्रणावर ताणाच्या आडव्या दिशेने चिकटपट्टी लावून ताण कमी करता येतो. सुश्रुतोक्त बंधनांचे स्मरण येथे व्हावे. जोराने चोळणे आणि खाजवणे मात्र टाळावे. कंडूसाठी आम्ही शतधौत घृत वापरतो, त्याने खाज कमी होते. गाठ कमी होते असा आमचा दावा नाही.

द्रव्यांमध्ये मंडूकपर्णीचा, म्हणजे आपल्या कारिवण्याचा, विचार सर्वांत उद्बोधक आहे. तिच्यातील एशियाटिकोसाइड हे द्रव्य केलॉइडच्या पेशींवर प्रयोगशाळेत घातले असता कोलॅजेन घटते, टीजीएफ-बीटाचे ग्राहक कमी होतात आणि स्मॅड-७ वाढतो, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. गंमत अशी की साध्या व्रणात हीच वनस्पती कोलॅजेनची निर्मिती वाढवते म्हणून प्रसिद्ध आहे. पेशी कोणत्या स्थितीत आहे यावर द्रव्याचे कर्म अवलंबून असावे, असा याचा अर्थ आम्ही लावतो. हळदीतील कुर्क्युमिन आणि कांद्यातील क्वेर्सेटिन यांचीही टीजीएफ-बीटाच्या साखळीवर रोधक क्रिया काचपात्रात दिसली आहे. कांद्याच्या अर्काच्या मलमांच्या चाचण्यांचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत.

काचपात्रातील पेशी आणि रुग्णाची छाती यांत फरक आहे. काचपात्रात द्रव्य थेट पेशीवर पडते. रुग्णात त्याला जाड बाह्यत्वचा आणि कठीण कोलॅजेन ओलांडावे लागते. कुर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून अत्यल्प शोषले जाते आणि यकृतात झपाट्याने बदलते. दुधातून हळद घेतल्याने केलॉइड विरघळतो असे सांगणारा वैद्य रुग्णाचे महिने वाया घालवतो. कारिवण्याच्या बाबतीत ताजे द्रव्य ओळखून घ्यावे, कारण बाजारात ब्राह्मी या एकाच नावाखाली दोन भिन्न वनस्पती येतात.

औषधनिर्मात्यांसाठी आणखी एक कटू अनुभव. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका विक्रेत्याने केलॉइडसाठी शुद्ध आयुर्वेदिक म्हणून एक मलम आणले. घटकांत कारिवणा, हळद, मंजिष्ठा अशी आपलीच नावे होती. परिणाम डोळे दिपवणारा होता. तीन आठवड्यांत खाज गेली, गाठ मऊ झाली. सहाव्या आठवड्यात भोवतालची त्वचा कागदासारखी पातळ झाली आणि तीत बारीक लाल शिरा दिसू लागल्या. हे चित्र पाहिलेल्या कोणासही मलमात काय असावे ते सांगावे लागत नाही. आम्ही मलम बंद केले आणि उरलेल्या डब्या परत पाठवल्या. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खाली ही भेसळ गुन्हा आहे. त्याहून वाईट म्हणजे, मात्रा ठाऊक नसलेले स्टेरॉइड आपल्याच हाताने, आपल्याच शास्त्राच्या नावाने दिले जाते. खऱ्या वनस्पतिज मलमाचा परिणाम, जो काही असेल तो, महिन्यांनी दिसेल. तीन आठवड्यांत केलॉइड बसवणारी डबी दुकानात ठेवण्यापूर्वी तपासणीचा अहवाल मागावा.

त्या मुलीला आम्ही शेवटी पुण्याच्या एका प्लास्टिक सर्जनकडे पाठवले. सोबतच्या पत्रात क्षाराच्या दोन प्रयोगांची नोंद आम्ही आमच्या नावानिशी केली. त्यांनी गाठ काढली, कडांना इंजेक्शने दिली आणि एक वर्ष रात्री दाबाची चाप लावावयास सांगितले. पथ्य, चापेची तपासणी आणि दर महिन्याला मोजपट्टीने जागेची नोंद हे काम त्यांनी आमच्याकडे दिले. दोन वर्षांनी गर्भारपणात तेथे ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा आला. तो आमच्या नोंदीत त्याच महिन्यात आला. त्या वेळी काही केले नाही, प्रसूतीनंतर एक इंजेक्शन पुरले. तिच्या मुलीचे कान सातव्या महिन्यात, फक्त पाळीवर टोचले आहेत, आणि मोजपट्टी आता तिच्यासाठीही काढून ठेवली आहे.